पान लागलं, बांबू नाही

फुटबॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गोल चेंडू येतो. माझ्या डोळ्यांपुढे येतो तो लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, सोललेल्या नारळासारखा. तो खेळ मी नागपुरात पाहिला. आजवर ज्याला सांगितलं तो हसला. म्हणे, ऑस्ट्रेलियाचा खेळ नागपुरात कुठून येणार? हसू दे. त्या खेळात मी पांढरा डगला घालून बांबूंच्या मागे उभा होतो. मला कोणी पटवून द्यायची गरज नाही.

लढाईची वर्षं होती. शहराबाहेर विमानांचा तळ पडला होता. तिथे इंग्रज होते, इतर देशांचे होते, आणि बरेचसे ऑस्ट्रेलियन. त्यांचे कपडे दुरुस्त करायचं, तंबू शिवायचं, मच्छरदाण्यांना ठिगळ लावायचं काम इतवारीतल्या एका ठेकेदाराकडे होतं. त्याचे आम्ही चार शिंपी. तळावर एका तंबूत चार मशिनं मांडलेली, दाराजवळचं माझं. ऊन आधी माझ्यावर यायचं आणि साहेबाची शिवी पण.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा, खाडीकाठचा. मराठी चौथीला शाळा सुटली ती सुटलीच. वडील गेले, थोरल्या भावानं मला काजं करायला बसवलं, पुढे मशीनवर. वयात आल्यावर गावच्या एका रेल्वेतल्या माणसाच्या ओळखीनं मी नागपूर गाठलं. निघताना भाऊ म्हणाला होता, "जातोयस तर जा. पण दोन महिन्यांनी तोंड पाडून आलास तर इथलं मशीन तुझ्यासाठी रिकामं नसेल हां." तो वाईट माणूस नव्हे. घरात माणसं जास्त होती आणि मशीन एक. पण त्याचं ते वाक्य मी गाडीतून नागपुरापर्यंत आणलं आणि उशाखाली ठेवून झोपायचो. माझा स्वभावच तसा, काळजीचा. सगळं नीट चाललं असलं तरी कुठे टाका उसवलाय का ते चाचपत राहणारा.

नागपुरात मला जेवू घातलं ते इतवारीतल्या एका खानावळवाल्या बाईंनी. विधवा बाई, तोंडानं फटकळ. मी पहिल्या दिवशी ताटात भात शोधत होतो, तर म्हणाल्या, "काय पाहून राहिला गा? भाताचं सामराज्य तिकडं समुद्राकडं. इथं पोळी खा, भाकर खा, मोठा हो." दुसऱ्या दिवसापासून मात्र माझ्या ताटात मूठभर भात वेगळा काढलेला असायचा. त्यावर त्या कधी काही बोलल्या नाहीत. मीही नाही. उपकार अशा तऱ्हेनं झाले की फेडायचे कसे ते कळत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आता खेळाकडे येतो.

तळावरच्या ऑस्ट्रेलियनांत दोन तट होते. एक विमानं उडवणाऱ्यांचा, दुसरा विमानं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपवाल्यांचा. दर रविवारी दोघांचा सामना. विमानवाले तरणे, उंच, पायांत वारा भरल्यासारखे. वर्कशॉपवाले तेलकट हातांचे, कोणी टकलू, कोणी पोट सुटलेला. कोण जिंकायचं ते सांगायला नको.

वर्कशॉपच्या सार्जंटनं एक दिवस आमच्या ठेकेदाराला सांगितलं, आमच्या खेळाडूंना बंड्या शिवून द्या. निळ्या, छातीवरून तिरपा तांबडा पट्टा, आणि बाह्या नकोत. काम माझ्याकडे आलं. मी बंड्या शिवून टांगल्या तेव्हा शेजारच्या मशीनवरचा ओरडला, "काहून बे कोकण्या, बाह्या खाऊन टाकल्या काय?"

"अशाच हव्यात म्हणतात ते."

"मंग अर्ध्या मेहनतीत अख्खं नाव झालं बाप्पा तुहं."

नाव झालं खरं, पण भलतंच. बंड्या अंगात घालून वर्कशॉपवाले पहिल्या रविवारी हरले. दुसऱ्या रविवारी हरले. तिसऱ्या रविवारी तर असे हरले की विमानवाल्यांनी शेवटी शेवटी दया म्हणून पळणं सोडलं. बंड्यांच्या आधीही ते हरतच होते, पण ते कोणी धरत नव्हतं. सार्जंट आमच्या तंबूत आला, बंडी चिमटीत धरली आणि हसत ठेकेदाराला म्हणाला, तुझ्या शिंप्यानं हिच्यात शाप शिवलाय का रे? ठेकेदाराला कामापुरतं इंग्रजी येत होतं. त्यानं त्यातलं हसणं गाळलं आणि उरलेलं घरी नेलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पनवती झालो. बॉबिनचा दोरा तुटला, पनवती. सुई मोडली, पनवती. चहात माशी पडली तर तिघे माना वळवून माझ्याकडे बघायचे.

एक माणूस मात्र माझ्या मशीनपाशी न चुकता यायचा. वर्कशॉपमधला, तांबड्या केसांचा, म्हणून मी त्याला मनातल्या मनात तांबडा म्हणायचो. त्याच्या बंडीची शिवण दर रविवारी काखेत उसवायची, कारण तो चेंडूसाठी दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकून उडी मारायचा, आमच्याकडे गोपाळकाल्याला मारतात तशी. सोमवारी तो रिकाम्या खोक्यावर बसे, मी शिवण घाली. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची नाही. तरी आम्ही बोलायचो. त्यानं एकदा जमिनीपासून हात धरून दाखवला, एवढा होतो, आणि पुस्तक मिटल्याची खूण केली. मग मेंढी धरून लोकर कातरायची खूण, तोंडानं बें बें. मीही हात धरून दाखवला, एवढा होतो, आणि सुईत दोरा ओवल्याची खूण. दोघांची शाळा साधारण एकाच उंचीला सुटली होती. तो खूप हसला. मग माझा खडू घेऊन त्यानं कापड बेतायच्या फळीवर एक मोठं अंडं काढलं, अंड्याच्या दोन्ही टोकांना चार चार रेघा, मधल्या दोन उंच, बाजूच्या बुटक्या. हे मैदान, हे खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू पायानं मारला की सहा. मधल्याच्या आणि बाजूच्याच्या मधून गेला की एक. आणि मधल्या खांबाला नुसता घासून गेला तरी, बोट हलवून तो म्हणाला, सहा नाही, एकच.

त्या दिवसापासून मी वर्कशॉपचा. रविवारी सुट्टी असून मी तळावर जायचो, कुंपणाशी उभा राहून बघायचो. गावी असताना मी कोणाच्याच बाजूचा नव्हतो. घरात चौघे भाऊ, बाजू घ्यायची कोणाची? इथे पहिल्यांदा मला माझी बाजू मिळाली आणि ती नेमकी हरणारी निघाली. हरले की माझं जेवण जायचं नाही. बाई म्हणायच्या, "त्या गोऱ्यायसाठी काहून उपाशी राहून राहिला? ते तिकडं डबे फोडून खाऊन राहिले असतीन."

हिवाळा चालू होता. एका शनिवारी ठेकेदार तंबूत आला, माझ्या मशीनवर हात ठेवून उभा राहिला.

"हे पाय गा. माह्यं तुह्याशी वैर नाई. हात तुहा साफ आहे. पण उद्या का हे पोट्टे हरले, तर सार्जंट काम दुसऱ्याले देईन. माह्या घरी बी खाणारे आहेत. उद्या हरले, की परवा सकाळी तू आपलं बोचकं बांध न् गाडी पकड."

"पण हरणं-जिंकणं माझ्या हातात हाय काय?"

"बंड्या तुह्या हातच्या आहेत ना?"

बाकीच्या तिघांपैकी एकजण दबक्या आवाजात म्हणाला, "मालक, ते तसेबी हरतेतच," तर ठेकेदारानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तुरपाईत तोंड खुपसलं.

त्याच संध्याकाळी मला मैदानावर पाठवलं. निशाणीचे चार झेंडे माझ्याकडे शिवायला होते, ते नेऊन द्यायचे होते. मजूर बांबू उभे करत होते. दर आठवड्याला ते नव्यानं उभे करावे लागत, कारण मधल्या दिवसांत गुरं येऊन त्यांना अंग घासायची. एका टोकाचे बांबू उभे झाले होते, दुसऱ्या टोकाचे अजून जमिनीवर आडवे. उघडे, नागडे बांबू. मला बघवेना. आमच्याकडे मांडवाची मेढ उभी करायची तर वर आंब्याचा डहाळा बांधल्याशिवाय कोणी बांबूला हात लावत नाही. मी मजुरांना म्हटलं, "असंच उभं करताय?"

म्हातारा मजूर म्हणाला, "गोऱ्यायच्या खेळाचं आहे गा ते. लगन थोडंच आहे?"

"उद्या माझं काय होणार हाय तुम्हाला ठाऊक नाय. थांबा जरा."

विहिरीजवळ आंबा होता. दोन डहाळे तोडून आणले, खिशातल्या जाड दोऱ्यानं दोन्ही उंच बांबूंच्या शेंड्यांना एकेक पक्का बांधला. म्हाताऱ्यानं न सांगता हात जोडले, मग सगळ्यांनी मिळून बांबू उचलले. वर गेल्यावर पानं हलली. माझ्या हातात होतं ते मी केलं होतं.

रविवारी सकाळी बाईंनी माझ्या हातात एक पुरचुंडी दिली. परवा जावं लागेल असं मी त्यांना रात्री बोललो होतो. "दशम्या आहेत. दुधातल्या. चार दिवस टिकतेत. संग तिळाची चटणी आहे. गाडीत कोणाच्या हातचं खाऊ नको." मी बाहीनं डोळे पुसले. त्या म्हणाल्या, "रडून नको राहू वं माय! पोरीसारखा!" आणि आत निघून गेल्या.

मी पुरचुंडी घेऊनच तळावर गेलो. बोचकं आदल्या रात्रीच बांधलं होतं, कात्री सर्वांत खाली; तेही नेऊन तंबूत ठेवलं आणि पुरचुंडी त्याला बांधली.

मैदानावर वेगळाच घोळ. बांबूंच्या मागे उभा राहून झेंडे दाखवणाऱ्या दोघांपैकी एकाला हिवताप भरला होता. शिट्टीवाला पंच म्हणजे भांडारातला वयस्क साहेब. तो माणूस शोधत फिरत होता. ज्याला विचारावं तो एक तर वर्कशॉपचा नाही तर विमानवाल्यांचा. तेवढ्यात त्याला कुंपणाशी मी दिसलो. तो ठेकेदाराला काहीतरी बोलला. ठेकेदाराचा चेहरा दिवा लावल्यासारखा झाला.

"चाल बे! साहेब म्हणून राहिला, दर्जी कोणाच्याच बाजूचा नाई. डगला घाल."

"मी कोणाच्याच बाजूचा नाय? मी तर—"

"गप राय!" त्यानं माझा दंड दाबला. "दोन्ही झेंडे आपल्या हाती आले बाप्पा. अजून काय पायजे तुले?"

डगला मीच शिवलेला, पण तापात पडलेल्या माणसाच्या मापाचा. माझ्या अंगात तो पोटरीपर्यंत लोंबत होता. पंचानं मला नियम सांगितले, मी त्याला ते फळीवरच्या अंड्यासकट परत सांगितले, हातवारे करून. तो खूश झाला. मधून गेला की दोन्ही झेंडे फडकवायचे. एकचा असला तर एक. मग समोरच्या टोकाचा झेंडेवाला तसेच झेंडे फडकवून उत्तर देतो आणि गुण लिहिणारा लिहून घेतो. मला उभं केलं ते नेमकं डहाळ्याच्या टोकाला. डहाळा बघून पंच थबकला, ठेकेदाराला विचारलं. ठेकेदार म्हणाला, "गुड लक साहेब." साहेबानं खांदे उडवले. राहू दे.

खेळ चार डावांचा, दर डावानंतर बाजू बदलायच्या. पहिल्या डावात विमानवाले माझ्या टोकाला मारत होते आणि मी झेंडे फडकवून फडकवून दमलो. माझ्याच हातानं माझ्याच बाजूचं वाटोळं जाहीर करायचं. मी दात आवळून करत होतो. पण दुसऱ्या डावात काहीतरी झालं. सार्जंटनं आपल्या म्हाताऱ्या बैलांना मागे न ठेवता सगळ्यांना एका बाजूनं चालवलं, धक्के खात, पडत, उठत. तांबडा तीनदा उडाला, त्यात दोनदा चेंडू घेऊनच खाली आला. विश्रांतीला फरक थोडा उरला होता. मैदानाभोवती बसलेले तळावरचे खानसामे, भंगी, मजूर, आमचे शिंपी, सगळे उठून उभे राहिले. कोणालाच कळत नव्हतं काय चाललंय, पण पोट सुटलेला माणूस तरण्याला आडवा पाडतोय हे कळायला भाषा लागत नाही.

तिसऱ्या डावात विमानवाले पुन्हा माझ्या टोकाला. त्यांच्या कप्तानानं लांबून मारला. चेंडू वर चढला, उजव्या बांबूच्या शेंड्याकडे झुकला, आणि आंब्याची पानं सळसळली. एक पान गिरक्या घेत माझ्या पायाशी पडलं. चेंडू मधून निघून गेला.

मी बांबूकडे पाहिलं. बांबू हलला नव्हता. चेंडू बांबूला लागला असता तर थरथरला असता, आवाज आला असता. पंच लांबून ओरडला, विचारत होता. सगळे माझ्याकडे बघत होते. तांबडा कमरेवर हात ठेवून बघत होता. ठेकेदार मानेनं खुणावत होता: एक, एक, एकच. एक झेंडा उचलला असता तर कोणी माझ्यावर बोट ठेवू शकलं नसतं. पान बांबूलाच बांधलेलं होतं ना. पण मी दोरा बांधताना जीव ओतला होता त्यात. तो डहाळा देवाचा म्हणून बांधला होता, चेंडू अडवायला नाही. मी दोन्ही झेंडे वर केले.

तो डाव संपल्यावर टोपलीभर संत्री आली. खेळाडू बसून फोडी चोखत होते, सालीचा वास सगळ्या मैदानावर. ठेकेदार माझ्यापाशी धावत आला.

"कोणाचं मीठ खातो बे तू? सहा देऊन टाकले त्यायले! पान लागलं ना!"

"पान लागलं, बांबू नाय."

"पान बांबूलेच होतं ना बांधलं! म्हणजे बांबूच!"

"मांडवाचं पान पडलं तर मांडव पडला म्हणतो काय आपण?"

"तू उद्या गाडीत बसून कर हा मांडव!" तो गरकन फिरला, पुन्हा आला, हातातलं संत्र माझ्या हातात कोंबलं आणि गेला. रागातही त्याला कळलं होतं की माझा घसा सुकलाय. हे मी विसरलो नाही.

शेवटचा डाव. वर्कशॉपवाले माझ्या टोकाला. एकेक करत, एक गुण, पुन्हा एक गुण, मग एक सहाचा, असं करत ते जवळ आले. गुण लिहिणाऱ्याच्या फळ्याकडे सगळ्यांच्या नजरा. विमानवाले तीन गुणांनी पुढे. पंच घड्याळ बघायला लागला. म्हणजे हिशेब सरळ: एक मिळून उपयोग नाही, सहाच हवेत. माझं बोचकं तंबूत, दशम्या बोचक्याला बांधलेल्या, भाऊ गावी मशीनवर बसलेला, आणि इथे तो नारळ धुळीत लोळतोय.

तो तांबड्याच्या हातात आला. त्याच्यावर दोघे झेपावले. बंडीचा आवाज मला बांबूंपर्यंत ऐकू आला, काखेपासून कमरेपर्यंत टर्रकन. बंडीचं एक फडकं एकाच्या मुठीत राहिलं आणि तांबडा सुटला. दोन पावलं, आणि मारला.

चेंडू उंच आला. इतका उंच की मला मान मागे टाकावी लागली. उजव्या बांबूकडे झुकला. पुन्हा तोच शेंडा. पानं सळसळली, आणि या वेळी डहाळ्याची एक आख्खी फांदी मोडून खाली आली, माझ्या डगल्याला घासून.

चेंडू मधूनच पलीकडे गेला. मी बांबूकडे पाहत होतो. डोळ्यांत पाणी येऊन चालणार नव्हतं, म्हणून पापणी लवू दिली नाही. बांबू सरळ उभा. शेंडा सुद्धा हलला नव्हता.

विमानवाल्यांचा एकजण ओरडत आला, फांदी उचलून पंचापुढे नाचवायला लागला. पंच माझ्याजवळ आला. "पोस्ट?" त्यानं विचारलं.

"नो पोस्ट साहेब," मी म्हणालो. "पान. लीफ."

आवाज माझा मलाच दुसऱ्याचा वाटला. इतका तो ठाम होता. कारण मला माहीत होतं, मघाशीही मी हेच म्हणालो होतो.

विमानवाल्यांचा कप्तान चालत आला. त्यानं फांदी आपल्या माणसाच्या हातातून घेतली, वर शेंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मघाचं पान अजून माझ्या पायाशीच पडलेलं होतं, त्याकडेही पाहिलं. आणि हसला. पंचाला दोन शब्द बोलला. ठेकेदारानं मागाहून सांगितलं, तो म्हणाला होता, तेच झाड, तोच न्याय. त्यानं फांदीतलं एक पान तोडून कानावर खोचलं आणि परत फिरला. असा खिलाडू माणूस मी पुढे फारसा पाहिला नाही.

पंचानं माझ्याकडे बघून मान डोलावली. मी दोन्ही झेंडे वर केले.

पुढचं मला नीट सांगता येत नाही, पण सांगतो. मी झेंडे फडकवले. समोरच्या टोकाच्या झेंडेवाल्यानं रीतीप्रमाणे दोन झेंडे फडकवून उत्तर दिलं. तिथे मी थांबायला हवं होतं. माझे हात थांबेनात. मी पुन्हा फडकवले. त्यानं पुन्हा उत्तर दिलं. मी पुन्हा. तो पुन्हा. गुण लिहिणारा फळ्यापाशी खडू घेऊन उभा. सहा लिहून झाले होते, आणखी सहा लिहावेत की काय म्हणून ओरडून विचारत होता. शेवटी पंचाची शिट्टी वाजली, खेळ संपला, वर्कशॉप तीन गुणांनी जिंकलं, तरी मी फडकवतोय आणि तो बिचारा लांबून उत्तर देतोय. गावची होडी खाडीत शिरताना काठावरून बायका पदर हलवतात ना, तसं काहीतरी माझ्या दंडांना झालं होतं.

तांबड्यानं मला डगल्यासकट उचललं. त्याच्या अंगावर अर्धीच बंडी होती. खानसामे नाचत होते, म्हातारा मजूर मोडलेल्या डहाळ्याकडे बघून हात जोडत होता. मी हसत होतो की रडत होतो ते विचारू नका. एवढंच सांगतो की चार भावांत वाटून आलेलं सोडून, अख्खंच्या अख्खं माझ्या वाट्याला आलेलं असं सुख ते पहिलं.

ठेकेदार बराच वेळ बोटं मोजत उभा होता. मग माझ्याकडे आला. त्याला धक्का बसला होता.

"अबे, मघाचं पान तू एक धरलं असतं न् आताचं बी एक धरलं असतं, तरी हे तीननंच जिंकले असते!"

मी मोजून पाहिलं. खरं होतं. तुम्हीही पाहा.

"म्हणजे तू काईच नाई केलं!" तो म्हणाला. मग माझ्या खांद्यावर थाप मारली. "पण काईच न करता जिंकवणारा माणूस हाती ठेवाव लागते गा."

सोमवारी सकाळी मी बोचकं सोडलं. कात्री तळाशी होती म्हणून सगळंच बाहेर काढावं लागलं. तांबडा फाटकी बंडी घेऊन खोक्यावर येऊन बसला होता. ती शिवण्याजोगी राहिलेली नव्हती, तरी त्याला तीच हवी होती. शेजारच्यानं माझ्या मशीनच्या चाकाला गुपचूप आंब्याचं पान बांधून ठेवलं होतं आणि आपण नाही त्यातला म्हणून सांगत होता. दुपारी मी दशम्या सोडल्या. गाडीसाठी केलेल्या दशम्या आम्ही तंबूत बसून खाल्ल्या, तिघा शिंप्यांना एक एक, तांबड्याला एक; तिळाची चटणी लागून त्याचं तोंड केसांच्या रंगाचं झालं. ठेकेदार दारातून डोकावला, न विचारता एक उचलली.

"कोणी दिल्या?"

"खानावळीतल्या बाईंनी. गाडीत खायला."

"कोणत्या गाडीत बे?" तो म्हणाला, आणि चघळत चघळत पुढच्या आठवड्याच्या कापडाचा गठ्ठा माझ्या मशीनवर टाकून गेला.